एकशे अडतीस चादरी

९ जानेवारी

भाऊजी,

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही नुसतं 'हो हो' करता आणि पलीकडं दुसरंच काहीतरी टाइप करत असता, ते मला ऐकू येतं. पत्र वाचताना तरी माणसाला हातातलं खाली ठेवावं लागतं.

तुमच्या वेधशाळेच्या योजनेत मला घेतलंत त्याबद्दल आभार आधीच मानून टाकते, कारण पुढं मला मानावेसे वाटणार नाहीत. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून घरी बसलेल्या बाईला 'जा, वस्तीवस्तीत विश्वाचा इतिहास सांगून ये' म्हणणारा दीर सगळ्यांना मिळत नाही. पण तुम्ही लोकांनी जी छापील संहिता पाठवलीत ना, तिच्या अठरा पानांत बेचाळीस चुका आहेत. मी मोजल्या. आणि पहिलंच वाक्य काय? 'अल्पशिक्षित बंधुभगिनींनो, घाबरून जाऊ नका.'

कुणी घाबरलं होतं हो?

मला मोठ्या इस्पितळाचं धुलाईघर दिलंय. तळघरात आहे. एका बाजूला माणूस उभा मावेल एवढाली यंत्रं, मधे इस्त्रीची लांब टेबलं आणि सगळीकडं वाफ. एकतीस बायका, सहा पुरुष. जेवणाच्या सुट्टीत ते बाकड्यांवर डबे उघडून बसले होते. मी तुमचं पहिलं वाक्य वाचलं, तर एक बाई घास हातात धरून म्हणाली, "घाबरायचं कशाला? साप सोडणार आहात का?" सगळे हसले आणि माझं तोंड एवढंसं झालं.

पुढं 'तेरा अब्ज ऐंशी कोटी वर्षांपूर्वी' म्हटलं आणि बघता बघता अर्ध्या डोळ्यांवर झापड. शेवटी त्यांच्या मुकादमबाई उठल्या. सव्वीस वर्षं तिथं आहेत, आवाज यंत्रावरून पलीकडं जातो. त्या म्हणाल्या, "बाई, रागावू नका. आम्हाला अब्ज कळत नाही. चादरी कळतात. आम्ही रोज चार हजार धुतो. चादरीत सांगता येईल का?"

घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. तुमचे दादा म्हणाले, "विश्व राहू दे, दुधाखालचा गॅस बंद केलास का?" नव्हता केला. पण गणित सुटलं. एक चादर म्हणजे दहा कोटी वर्षं. एकशे अडतीस चादरी झाल्या की सगळं विश्व! चार हजार धुणाऱ्यांच्या लेखी ते चहाच्या आधीचं काम.

तुमची
वहिनी


१६ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र ऑफिसात वाचून एकटाच हसलो. तुमच्यातली प्रूफरीडर काही निवृत्त झालेली नाही. मी अकरा वर्षांचा असताना तुम्ही लग्न होऊन आमच्या घरी आलात आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या निबंधाची वही लाल करून टाकलीत, ते आठवलं. वर अकरा वर्षांच्या पोराला अहो-जाहो करून!

चादरींची कल्पना चांगली आहे. मात्र वहिनी, एक विनंती. शक्यतो संहिता सोडू नका. ती तीन डॉक्टरेटवाल्यांनी मान्य केलेली आहे. कार्यक्रम चाळीस मिनिटांतच संपवायचा आणि अभिप्रायाचे तक्ते भरून घ्यायचे. योजना अजून कच्च्या पायावर उभी आहे. दहा केंद्रं आहेत, आणि दहाही बंद करावीत असं वाटणारी माणसं समितीत आहेत. त्यांतलेच एक साहेब २९ तारखेला तुमच्याकडं पाहायला येतील. त्यांच्या मतावर बरंच अवलंबून आहे. मला यायचं होतं, पण इथून हलता येत नाही.

दादांना नमस्कार. तुम्ही मला सगळं सविस्तर कळवत जा. तुमच्या पत्रांवरून मला खरं काय चाललंय ते कळतं, तक्त्यांवरून कळत नाही.

तुमचा
धाकटा दीर


३० जानेवारी

भाऊजी,

काल तुम्ही असायला हवे होतात!

धुलाईघराच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं तारा बांधल्यात. धुतलेल्या चादरी तासभर तरी वाऱ्यावर टाकायच्याच असतात. मुकादमबाईंनी सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, "करा काय ते." मग बायकांनी जेवणं लवकर उरकली आणि बारा तारांवर एकशे अडतीस चादरी टाकल्या, ओळीनं, चिमट्यांसकट. मला एकही टाकू दिली नाही. म्हणाल्या, तुम्हाला कडा जुळवता येत नाहीत. खरंच येत नाहीत.

पहिल्या चादरीपाशी मी म्हटलं, इथून सुरुवात. एकीनं विचारलं, "कुठं झाली सुरुवात?" मी म्हटलं, सगळीकडंच. "म्हणजे इथंसुद्धा? या नळाखाली?" या नळाखालीसुद्धा. ती नळाकडं पाहत राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या चादरीवर पहिले तारे पेटले. मग चालायचं, चालायचं, आणि आपलं म्हणावं असं काहीच नाही! सूर्यच नाही! सत्तराव्या चादरीला यंत्रावरचा एक माणूस वैतागून म्हणाला, "अहो, येतोय की नाही तो?" ब्याण्णव झाल्या तेव्हा सूर्य आला. टाळ्या पडल्या, भाऊजी. सूर्याला टाळ्या! त्र्याण्णवाव्या चादरीवर पृथ्वी. शंभरी ओलांडली तेव्हा पहिले जीव, डोळ्यांना न दिसणारे. आणि माणूस? चादर शंभर इंच लांब. शेवटच्या चादरीच्या शेवटच्या काठावर, जिथं शिवण घालतात ना, त्या शिवणीतसुद्धा मावेल एवढाच. राजे, लढाया, पुस्तकं, माझा छापखाना, सगळं मिळून एका धाग्याच्या जाडीचं. मुकादमबाई तो काठ चिमटीत धरून उभ्याच राहिल्या. तो यंत्रावरचा म्हणाला, "मग आमचा साहेब केवढा?" मी म्हटलं, "कुठलाच साहेब दिसायचा नाही." काय हसले सगळे!

तुमचे समितीवाले तेव्हा तिथंच होते. पण त्यांना वाफेनं सर्दी झाली असावी. रुमाल नाकाला लावून दहा मिनिटांतच गेले. चहासुद्धा घेतला नाही.

आणखी एक सांगायचंय. इस्त्रीवर एक बाई आहे, कमी बोलते. तिची मुलगी मागच्या वर्षी याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर वारली. त्या वेळी ही खाली चादरींना इस्त्री करत होती. आपल्या रक्तातलं लोखंड कुठल्या तरी ताऱ्यात तयार झालंय, असं मी मघाशी सांगितलं होतं. सगळे चादरी उतरवायला लागले तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, तिच्या अंगातलं लोखंड आता कुठं असेल?"

भाऊजी, तुमच्या अठरा पानांत याचं उत्तर नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही. ते संपलेलं नाही, एवढंच माहीत आहे. कुठं आहे ते कुणालाच सांगता यायचं नाही." ती मग म्हणाली, "बरं झालं, खोटं नाही सांगितलंत. बाकी सगळे सांगतात." आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात देऊन, घडी कशी घालायची ते तिनं मला शिकवलं.

तक्ते भरून घ्यायचे राहिले.

वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला, क्षमा करा. इथं योजनेची थोडी फेररचना चालली आहे. यापुढं फक्त विज्ञानातली पदवी असलेल्यांनीच कार्यक्रम घ्यावेत असं ठरलं आहे. यात तुमच्याबद्दल काही नाही, धोरणाचा भाग आहे. धुलाईघराचं केंद्र तूर्त थांबवलं आहे.

तुम्हीही गेला महिनाभर बरीच धावपळ केलीत. आता जरा विश्रांती घ्या. दादांच्या गुडघ्याकडं लक्ष द्या. कुठं फिरून यायचं असेल तर मला सांगा, मी तिकिटं काढून देईन.

तुमचा
धाकटा दीर


१८ फेब्रुवारी

भाऊजी,

तिकिटं काढून देताय? कुठली? तोंड काळं करायला कुणी जायचं, आधी ते ठरवू.

परवा मुकादमबाई माझ्या दारात उभ्या होत्या. हातात एक मेमो. 'इस्पितळाच्या एकशे अडतीस स्वच्छ चादरींचा अनधिकृत वापर केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?' १० मार्चला चौकशी. सुपरवायझर म्हणतो, मी परवानगी दिलीच नव्हती. बाईंच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. सव्वीस वर्षांत एक उशी हरवलेली नाही त्यांच्या हातून.

मेमोला वेधशाळेच्या अहवालाची प्रत जोडली आहे. मुकादमबाई म्हणाल्या, "मला वाचता येतं. पण जे वाचलं त्यावर विश्वास बसेना, म्हणून तुमच्याकडं आले." मी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबले. तुम्हाला उतरवून पाठवते, म्हणजे सोयीचं होईल.

'श्रोत्यांची मर्यादित आकलनक्षमता पाहता तेथे अब्जावधी वर्षांचा उहापोह करणे तत्वतः निष्फळ आहे. कार्यकर्ती संहिता सोडून चादरींसारख्या क्लृप्त्या वापरते. समिती-सदस्यांचा उपमर्द होईल असे विनोद केले जातात. मृत व्यक्तींविषयी अवैज्ञानिक दिलासे देऊन दुःखी श्रोत्यांची दिशाभूल केली जाते.'

खाली सही नाही. नुसतं 'योजना विभाग.'

भाऊजी, 'ऊहापोह' मधला ऊ दीर्घ असतो. 'तत्त्वतः' मधे व च्या आधी अर्धा त दोनदा येतो. हे दोन शब्द मी तुमच्या सातवीच्या वहीत दुरुस्त केले, नववीच्या केले, तुमच्या नोकरीच्या अर्जातही केले. अख्ख्या जगात हे दोन्ही शब्द एकाच ओळीत असे चुकवणारा माणूस मला एकच माहीत आहे. आणि 'मृत व्यक्ती'? त्या बाईची गोष्ट मी एकाच माणसाला कळवली होती. तुम्हाला! दीर म्हणून, घरचा म्हणून. तिचं बोलणं तुम्ही माझ्या पत्रातून उचललंत, उलटं केलंत आणि तिच्याच मुकादमबाईंच्या गळ्यात बांधलंत. दिलासा दिला म्हणे! मी 'माहीत नाही' म्हटलं होतं. माहीत नाही! तुमच्या विज्ञानात ते वाक्य बसत नाही का?

आकलनक्षमता मर्यादित. सासूबाई बारा वर्षं कारखान्यात बाटल्या धुवायच्या. हातांची सालं निघायची. त्या बाटल्यांवर तुम्ही डॉक्टर झालात. त्यांची आकलनक्षमता कुठल्या फुटपट्टीनं मोजली असतीत?

मी हे अजून तुमच्या दादांना सांगितलेलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

हो, मी लिहिलं.

आता माझं म्हणणं एकदा ऐका, मग हवं ते बोला. साहेब त्या दिवशी सर्दीनं गेले नव्हते. 'कुठलाच साहेब दिसायचा नाही' हे त्यांनी स्वतःवर घेतलं. परत आले ते दहाच्या दहा केंद्रं बंद करायची असं ठरवूनच. मी तीन दिवस त्यांच्या मागं लागलो. शेवटी ते म्हणाले, एक केंद्र वाईट होतं असं लेखी द्या, ते बंद करू, बाकीची नऊ चालू ठेवू. मी विचार केला, एक जाईल पण नऊ राहतील. नऊ ठिकाणची माणसं आहेत, वहिनी. सुतार आहेत, आंधळ्या मुलांची शाळा आहे. त्यांचं काय?

मेमोचं मला खरंच माहीत नव्हतं. अहवाल आतल्या कामाचा होता. तो इस्पितळाला कुणी पाठवला, कळत नाही. चादरींचा उल्लेख कुणाच्या नोकरीवर येईल असं मनातही आलं नाही. तुमच्या पत्रातलं मी वापरलं ते चूक होतं. साहेबांना काहीतरी 'गंभीर' हवं होतं आणि माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, कारण तुमच्या कार्यक्रमात वाईट असं काही नव्हतंच.

आईचं नाव काढायला नको होतं.

मी मुकादमबाईंसाठी ओळखीच्या वकिलांशी बोलतो.


२५ फेब्रुवारी

भाऊजी,

वकील नको. आईचं नाव मी काढणार, हजारदा काढणार.

एक जाईल, नऊ राहतील. हिशेब चोख आहे. पण दहांतलं एक निवडायचं होतं, तेव्हा माझंच कसं निवडलंत ते मी सांगते. सुतार उलटून बोलले असते. शाळेनं वर तक्रार केली असती. वहिनी काय, चार दिवस रुसेल आणि रविवारी पुन्हा ताट वाढेल. घरच्या माणसाला दुखवणं स्वस्त पडतं, म्हणून. आणि माझ्या पाठोपाठ एकतीस बायका बुडाल्या, ते तुमच्या हिशेबातच नव्हतं. वड्याचं तेल वांग्यावर काढलंत आणि म्हणताय, वांगं मला दिसलंच नाही.

आता एकच करा. ३ मार्चला दुपारी एक वाजता धुलाईघरात या. जे त्यांच्याबद्दल लिहिलंत, ते त्यांच्या तोंडावर वाचून दाखवा. बंद खोलीत लिहिता येतं ना? मग उघड्यावर वाचताही आलं पाहिजे.

नाही आलात तर पुन्हा पत्र पाठवू नका. मी न फोडता परत करीन.

वहिनी


४ मार्च

भाऊजी,

आलात. एवढं मान्य.

वाचलंत, 'मला माफ करा' म्हणालात आणि पळालात! बाकड्यावर चहा तसाच. अहो, माफी मागितली की समोरच्याला बोलायची पाळी असते. तेवढी तरी रीत पाळायची. तुम्ही काय ऐकायला थांबला नाहीत ते आता मी लिहिते, कारण ते तुम्हाला चुकवू देणार नाही.

तुम्ही गेल्यावर एक यंत्र थांबून शिट्टी वाजवत होतं, ते बंद करायलाही कुणी उठेना. मग मुकादमबाई म्हणाल्या, "खोटं नाही लिहिलंय त्यांनी. अब्ज मला नव्हतं कळत. पण नंतर कळलं, ते कुठं लिहिलंय? आधीचं लिहायचं आणि नंतरचं गाळायचं, याला काय म्हणतात?" मी म्हटलं, आमच्या छापखान्यात याला मजकूर गाळणं म्हणतात, आणि त्यासाठी माणसाचा पगार कापतात. यंत्रावरचा तो माणूस म्हणाला, "विनोद मी केला होता. माझं नाव का नाही घातलं?" त्याला खरंच वाईट वाटलंय.

पण मला सांगायचंय ते इस्त्रीवालीचं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात मेमोची प्रत होती. म्हणाली, "बाई, तुमच्या दिरांनी शेवटची ओळ वाचली नाही. ती माझी ओळ आहे."

मला कळलंच नव्हतं, भाऊजी. इतकी प्रुफं वाचून माझ्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. तुम्ही 'विनोद केले जातात' इथं थांबलात आणि कागद दुमडलात. तिला मी सांगायला गेले की त्यांना तुझ्या दुःखाची... तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मला सहन होणार नाही, हे त्यांनी ठरवलं? मला कळणार नाही हेही त्यांनीच ठरवलं होतं. माझी मुलगी गेली ते सहन करून मी दुसऱ्या दिवशी कामावर आले. एक ओळ नसती ऐकली?"

मग सगळ्या बोलायला लागल्या. इतका वेळ त्यांना वाईट वाटत होतं, आता त्यांना राग आला. बरं झालं. वाईट वाटून काही होत नाही. १० तारखेला जेवणाची सुट्टी घेऊन सगळ्या चौकशीच्या दाराबाहेर उभ्या राहणार आहेत. इस्त्रीवाली साक्ष द्यायला आत जाणार आहे.

तुम्ही काय करणार, मी विचारत नाही.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

तुम्ही १० तारखेला बाहेर बायकांबरोबर उभ्या होतात, त्यामुळं आत काय झालं ते तुम्हाला मुकादमबाईंनी सांगितलंच असेल. तरी मी लिहितो. तुम्ही म्हणालात तसं, उघड्यावर.

आत टेबलामागं तिघे होते. सुपरवायझर म्हणाला, परवानगी दिली नव्हती. मुकादमबाई म्हणाल्या, दिली होती. त्यावर व्यवस्थापक म्हणाले, "वेधशाळेसारखी संस्था लेखी देते म्हटल्यावर त्यात तथ्य असणारच." तेव्हा मी उभा राहिलो. सगळा अहवाल वाचला, शेवटच्या ओळीसकट. इस्त्रीवाल्या बाई माझ्याकडं सरळ पाहत होत्या. मी म्हणालो, "हे मी लिहिलंय. मी तिथं गेलो नव्हतो. यातली आकलनक्षमतेची ओळ मी मनानं लिहिली, आणि दिलाशाची ओळ खोटी आहे. या बाईंना कुणीही दिलासा दिला नाही." व्यवस्थापकांनी विचारलं, "म्हणजे तिथं न गेलेल्या माणसाच्या बिनसहीच्या कागदावर आम्ही मेमो काढला?" मी म्हणालो, हो. आणि त्यांच्यासमोरच त्या कागदावर माझं नाव लिहून सही केली.

मेमो मागं घेतला. मुकादमबाईंना 'यापुढं काळजी घ्या' अशी तोंडी समज दिली, ती कशासाठी ते व्यवस्थापकांनाही सांगता आलं नाही. यापुढं धुलाईघरात कसलाही कार्यक्रम नको, असा हुकूम निघाला.

जिन्याखाली इस्त्रीवाल्या बाईंनी मला थांबवलं. या वेळी मी पळालो नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही मोठे शिकलेले. तिच्या अंगातलं लोखंड कुठंय, तुम्हाला तरी माहीत आहे का?" वहिनी, मला त्यावर तासभर बोलता आलं असतं. अणू, माती, पाणी, हवा. पण मी म्हणालो, "नाही. मलाही माहीत नाही." त्या म्हणाल्या, "मग वहिनींनी बरोबर सांगितलं होतं. तेवढं लिहून द्या." मी वहीचा कागद फाडून लिहून दिलं. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, तारीख राहिलीय म्हणाल्या, ती घालून घेतली, आणि कामावर गेल्या.

काल मला योजनेवरून काढलं. उपकरणांच्या गोदामात बदली झाली आहे. आणि ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं ती नऊ केंद्रं साहेबांनी माझ्या सहीचा तोच कागद पुढं करून बंद केली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

रविवारी येऊ का, हे विचारायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही.

तुमचा
दीर


१६ मार्च

भाऊजी,

गोदामात तुम्हाला काही होत नाही. धूळ असेल. धुलाईघरातून थोडी फडकी पाठवीन.

तुमच्या साहेबांनी केंद्रं बंद केली. केंद्र म्हणजे काय हो? एक पाटी आणि एक फाईल. सुतारांकडं जाणाऱ्या मास्तरांनी मला लिहिलंय की पाटी नेली, पण मंगळवारी आम्ही बसतोच. शाळेच्या बाईंचंही तसंच पत्र आलंय. बाकीच्या सातांचं मला ठाऊक नाही. काही खरोखरच बंद पडली असतील, आणि त्याबद्दल मला तुमच्या साहेबांचा जो राग आहे तो मरेपर्यंत जायचा नाही.

आमचं म्हणाल, तर काल आम्ही बस डेपोत गेलो होतो, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत. चादरी मिळाल्या नाहीत. मुकादमबाईंनी भिंतीवर खडूनं एकशे अडतीस रेघा मारल्या. गोष्ट मी सांगितली नाही, त्यांनी सांगितली. मी मागं बाकड्यावर बसले होते. नव्वदाव्या रेघेलाच त्यांनी सूर्य आणला, आणि मी तोंड उघडायच्या आत इस्त्रीवाली म्हणाली, "ब्याण्णव." मुकादमबाईंनी दोन रेघा पुढं जाऊन सूर्य पुन्हा काढला. एक ड्रायव्हर म्हणाला, "एवढं होईपर्यंत आमची गाडी किती वेळा गेली असती?" मग सगळे फेऱ्या मोजत बसले. गणित कुणाचंच जुळलं नाही, आणि चाळीस मिनिटं कधीच उलटून गेली होती.

राहिलं तुमचं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही सही केलीत, ते तुमचं कर्तव्यच होतं. त्याचे मी वेगळे गुण देणार नाही. त्या बाईला 'माहीत नाही' म्हणालात, त्याचे देते. अर्धा.

रविवारी या. पण दादांना मी अजूनही काही सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगायचं, जेवायला बसायच्या आधी. त्यांना हल्ली डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्यानं अर्धंच. तेव्हा मोठ्यानं सांगावं लागेल. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खिडक्या मी उघड्या ठेवते.

वहिनी